साउथ जॉर्जियात उतरताना: बुटांच्या तळव्यापासून पेंग्विनच्या वस्तीपर्यंत, क्रमाने

साउथ जॉर्जियाला निघालेली मंडळी कॅमेरा, लेन्स आणि थर्मलची चौकशी महिनोन् महिने करतात. बुटांचे तळवे, वेल्क्रो आणि बॅगेचे खिसे मात्र जहाजावर पोचल्यावर, तेही कोणी सांगितलं तर बघतात. बहुतेक गोष्टी बिघडतात त्या इथेच. बेटावर पाय ठेवायला मिळणार की नाही हे या सफाईवर ठरतं. उतरल्यावर प्राण्यांना त्रास होणार की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही कुठे उभे राहता यावर ठरतं.

हे बेट दक्षिण अटलांटिकमध्ये, साधारण ५४ अंश दक्षिण अक्षांशावर, फॉकलंड बेटांपासून जवळपास १,४०० किलोमीटर दूर आहे. विमानतळ नाही, हॉटेल नाही, कायमची वस्ती नाही. कारभार ब्रिटनकडे आहे (अर्जेंटिनाही हक्क सांगतो) आणि परवानगीशिवाय कोणालाही उतरता येत नाही. ती परवानगी जहाज कंपनी काढते. बाकीचं तुमच्याकडे.

१. आधी महिना ठरवा, मग जहाज

मोसम ऑक्टोबर ते मार्च, पण प्रत्येक महिन्यातला किनारा वेगळा असतो.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा एलिफंट सीलचा काळ. चार टनांपर्यंत वजनाचे नर किनाऱ्याच्या तुकड्यासाठी भांडत असतात, बर्फ अजून असतो आणि चालायला जागा बऱ्यापैकी मोकळी मिळते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फर सीलच्या माद्या वितात. डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत काही पुळणींवर फर सीलच्या नरांची इतकी दाटी होते की बोट लावायलाच जागा उरत नाही. "नाताळच्या सुट्टीत जाऊ" असं ठरवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत नर बरेचसे निघून जातात, फर सीलची पिल्लं सगळीकडे हुंदडतात आणि हवा तुलनेने बरी असते.

किंग पेंग्विनसाठी महिना फारसा महत्त्वाचा नाही. त्यांचं एक पिल्लू वाढवण्याचं चक्र १४ ते १६ महिन्यांचं असतं. त्यामुळे तपकिरी लोकरीसारख्या पिसांची पिल्लं वर्षभर कुठल्या ना कुठल्या वयाची दिसतातच.

जहाज निवडताना एकच आकडा विचारा: प्रवासी किती? ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना इथे उतरायची परवानगी नाही, आणि बहुतेक जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त लोक किनाऱ्यावर असू शकत नाहीत. प्रवासी शंभरच्या आत असतील तर सगळे एकदम उतरतात. दोनशे असतील तर पाळ्या लागतात आणि किनाऱ्यावरचा तुमचा वेळ निम्मा होतो. मोठ्या जहाजाच्या स्वस्त तिकिटाची किंमत इथे मोजावी लागते.

२. कागद आणि लस

बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतात. ब्यूनोस आयर्समध्ये दोन विमानतळ आहेत, एसेइसा आणि आएरोपार्के. आंतरराष्ट्रीय विमान एकावर उतरून उशुआयाचं दुसऱ्यावरून असेल, तर मध्ये शहर पार करावं लागतं. त्यासाठी चार-पाच तास हाताशी ठेवा. जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी पोचणारं तिकीट काढू नका. बॅग मागे राहिली तर ती तुम्हाला गाठू शकत नाही.

भारताच्या यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील हे दोन्ही पीतज्वराचे देश आहेत. परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर इथे विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य धरलं जातं आणि लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, म्हणून तारीख आधीच लावून ठेवा.

३. सामानाची सफाई घरीच करा

बेटावर माणसांच्या जहाजांतून आलेल्या उंदरांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा अनेक दशकं फडशा पाडला. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून ते संपवले गेले आणि मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. त्यानंतर साउथ जॉर्जिया पिपिट हा चिमुकला पक्षी पुन्हा मुख्य बेटावर अनेक ठिकाणी दिसू लागला. आता भीती आहे ती बी, माती, कीटक आणि रोगजंतूंची.

मराठी ट्रेकरने इथे जास्त जागरूक राहायला हवं. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर फिरलेल्या पँटच्या शिवणीत कुसळं असतातच, आघाड्याचं बी मोज्यांत असतं. उष्ण प्रदेशातलं बी तिथल्या थंडीत रुजण्याची शक्यता कमी. पण तेच जाकीट आणि तेच बूट तुम्ही लडाखला किंवा हिमालयातल्या ट्रेकला नेलेले असतात, आणि थंडीत वाढलेल्या गवताचं बी साउथ जॉर्जियात खुशाल रुजू शकतं. हिमालयात वापरलेलं सामान सर्वांत धोक्याचं, असं धरून चाला.

लागणारी हत्यारं: चिमटा, जाड सुई किंवा सरळ केलेली पेपरक्लिप, जुना टूथब्रश, कडक ब्रश, टॉर्च आणि बारीक तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर.

काम या क्रमाने करा:

१. कपडे धुण्याआधी कोरडेच साफ करा. ओलं झालं की बी कापडाला चिकटतं आणि वेल्क्रोतली धूळ लगद्यासारखी होते. धुतलेलं जाकीट म्हणजे स्वच्छ जाकीट, हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. मशीनमधून निघालेल्या वेल्क्रोत कुसळ तसंच असतं.

२. सगळे खिसे उलटे काढा. कोपऱ्यातल्या शिवणीत धाग्यांचा गुंता, चिक्कीचे कण, कधी तांदळाचा दाणा असतो. आधी व्हॅक्यूम, मग चिमटा.

३. वेल्क्रोची आकड्यांची बाजू टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा. सरळ उजेडात बी दिसत नाही, तिरप्यात त्याची सावली पडते. टूथब्रशने एकाच दिशेने झाडा, उरलेलं सुईने उचका. मनगटाच्या पट्ट्या, टोपीची दोरी, हातमोजे आणि गेटर (बुटावर बांधायचं पायाचं आवरण) विसरू नका.

४. बॅग पूर्ण रिकामी करून उलटी झटका, मग तळाच्या शिवणी व्हॅक्यूम करा. कॅमेऱ्याच्या बॅगेतले वेल्क्रोचे कप्पे सुटे काढा. तपासणीत बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं, कारण ही बॅग लोक वर्षानुवर्षं उघडतात पण रिकामी करत नाहीत.

५. ट्रायपॉड, मोनोपॉड आणि चालायच्या काठीचे भाग सुटे करा. काठीच्या टोकाशी असलेल्या चकतीखाली माती साचते.

६. बुटाच्या तळव्यातली प्रत्येक खाच सुईने कोरा. बहुतेक जहाजं किनाऱ्यासाठी उंच गमबूट देतात, तेव्हा स्वतःचे ट्रेकिंग बूट किनाऱ्यावर न नेणंच बरं.

तपासा: साफ झालेलं किनाऱ्याचं सामान स्वच्छ पिशवीत बांधून वेगळं ठेवा आणि उशुआयाच्या फेरफटक्यात वापरू नका. उशुआयाच्या डोंगरवाटांवरचं बी तर साउथ जॉर्जियासाठी अगदी अनुकूल हवामानातलं.

४. जहाजावरची तपासणी

बेट येण्याच्या आधी ब्रीफिंग होतं, ते सक्तीचं असतं. प्रत्येकाचं सामान जहाजावरचे गाइड तपासतात आणि तुम्ही तसं घोषणापत्रावर सही करून देता. नंतर, सहसा ग्रिटविकेन या जुन्या व्हेल कारखान्याच्या ठिकाणी, बेटाच्या सरकारचे अधिकारी जहाजावर येऊन बोटीत उतरायला तयार असलेल्या प्रवाशांपैकी काहींची तपासणी करतात. एका माणसाच्या बुटात सापडलेलं बी संपूर्ण जहाजाच्या निकालात धरलं जातं. निकाल वाईट आला तर सगळ्यांना पुन्हा सफाई करावी लागते आणि तो वेळ किनाऱ्यावरच्या वेळातून जातो.

आदल्या दिवशी केबिनमध्ये जोडीदाराचं सामान तुम्ही तपासा, तुमचं त्याला तपासू द्या. स्वतःचं सामान पाहताना डोळा तीच जागा पुन्हा पुन्हा सोडतो.

प्रत्येक उतरण्याच्या आधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवायचे असतात. बहुधा ते विरकॉन नावाचं गुलाबी द्रावण असतं. क्रम महत्त्वाचा: आधी पाणी आणि ब्रशने बूट पूर्ण घासायचे, मग द्रावण. विष्ठा किंवा चिखल बुटाला तसाच असेल तर द्रावण त्यातच खर्ची पडतं आणि जंतूंवर चालत नाही. तळव्याबरोबर बुटाची वरची बाजू आणि पँटचा खालचा भागही घासा. द्रावणाचा गुलाबी रंग उडालेला दिसला तर गाइडला सांगा, त्याची ताकद गेलेली असते.

बर्ड फ्लूमुळे हे आणखी कडक झालं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियाच्या टोकाजवळच्या बर्ड आयलंडवरच्या स्कुआ पक्ष्यांत हा रोग आढळला आणि पुढे एलिफंट सील व फर सीलमध्येही पोचला. तेव्हापासूनचा नियम असा की जमिनीला फक्त बुटांचे तळवे लागले पाहिजेत. बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, आडवं व्हायचं नाही, बॅग खाली ठेवायची नाही. पेंग्विनच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्यायचा बेत असेल तर उकिडवं बसून, पडद्यात बघत फोटो काढायचा सराव घरीच करा. ट्रायपॉडबद्दल जहाजावर आधी विचारा.

५. रात्री पडदे लावा

बेटाजवळ रात्री जहाजाच्या उजेडाकडे प्रायन आणि डायव्हिंग पेट्रेलसारखे छोटे समुद्रपक्षी झेपावतात, डेकवर आपटतात, ओले होऊन मरतात. धुकं किंवा हलका पाऊस असेल तर हे प्रमाण खूप वाढतं. अंधार पडण्याआधी केबिनचा जाड पडदा पूर्ण ओढा, बाल्कनीतला दिवा बंद ठेवा. डेकवर पक्षी दिसला तर स्वतः उचलून समुद्रात फेकू नका, गाइडला बोलवा. पिसं ओली असतील तर तो बुडतो. त्याला कोरड्या खोक्यात ठेवून नंतर सोडावं लागतं.

६. झोडियाकमधून (छोट्या रबरी बोटीतून) उतरणं

कपड्यांचा क्रम: थर्मल, लोकरी थर, जाड मोजे, गमबूट, त्यावरून वॉटरप्रूफ पँट. पँट बुटाच्या बाहेर हवी. आत खोचली तर पहिलीच लाट बुटात भरते आणि पुढचे दोन तास पाय गोठतात. लाइफ जॅकेट सगळ्यात वर. कॅमेरा वॉटरप्रूफ पिशवीत, गळ्यात नाही.

जहाज सोडण्याआधी शौचालयात जाऊन या. किनाऱ्यावर सोय नाही आणि आडोसाही चालत नाही. खाणं न्यायचं नाही, चॉकलेटसुद्धा नाही.

बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. खलाशाचा पंजा न धरता मनगट धरा आणि त्याला तुमचं मनगट धरू द्या. ओला पंजा निसटतो, मनगटांची पकड निसटत नाही. आधी बोटीच्या काठावर पाय, मग तळात, मग लगेच बसा. किनाऱ्याला उतरताना घसरत बोटीच्या टोकाकडे या, पाय समुद्राकडच्या बाजूने फिरवून बाहेर काढा आणि सांगितल्यावरच उतरा. दोन लाटांच्या मध्ये उतरायचं असतं.

इशारा: हिमनद्यांवरून खाली कोसळणारा वारा इथे काही मिनिटांत सुटतो. परत बोलावलं की "एकच फोटो" म्हणत रेंगाळू नका. शेवटच्या बोटीला वारा गाठतो तो असा.

७. किनाऱ्यावरची पहिली दहा मिनिटं

उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका. लाइफ जॅकेट सांगितलेल्या ठिकाणी ठेवा, एका जागी उभे राहा आणि तीन गोष्टी शोधा: गाइडने लावलेल्या खुणा, पेंग्विनची समुद्राकडे जाणारी वाट, आणि झोपलेले सील. तिसरी गोष्ट हमखास चुकते. ओल्या दगडांत आडवा पडलेला सील हा दगडच वाटतो.

अंतरं अशी लक्षात ठेवा: पेंग्विन आणि एलिफंट सीलपासून किमान ५ मीटर, फर सीलपासून किमान १५ मीटर. घरट्यावरच्या अल्बट्रॉस आणि जायंट पेट्रेलपासून याहून बरंच जास्त, गाइड सांगेल तितकं. रोगाच्या काळात हे आकडे वाढवले जातात आणि काही जागा बंदही ठेवतात, म्हणून त्या दिवशीच्या ब्रीफिंगमधला आकडा अंतिम.

हे किमान अंतर आहे. प्राण्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, हालचाल थांबवली किंवा दिशा बदलली, तर दहा मीटरवर असलात तरी तुम्ही फार जवळ आहात. दोन पावलं मागे घ्या आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागेपर्यंत थांबा.

प्राणी आणि समुद्र यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. पेंग्विन तुम्हाला वळसा घालेल किंवा तासभर तसाच अडकून राहील. एलिफंट सील घाबरला तर सरळ समुद्राकडे निघेल, तुमच्यावरून.

८. फर सीलशी गाठ पडली तर

चाव्याची भीती इथे मुख्यतः याचीच. नर २०० किलोपर्यंतचा, पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांवर उभा राहून धावतो आणि खडबडीत जमिनीवर माणसापेक्षा वेगवान ठरतो. त्याची धाव बहुतेक वेळा धमकावण्यापुरती असते. आपण पळालो की तो मागे लागतो.

त्यामुळे क्रम असा: थांबा. त्याच्याकडे तोंड करा. हात पसरून मोठे दिसा, खड्या आवाजात बोला किंवा टाळ्या वाजवा. तो थबकला की त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे आणि बाजूला सरका. मागे दुसरा सील नाही ना, हे खांद्यावरून पाहा, कारण एका नराच्या हद्दीतून मागे सरकलेला माणूस नेमका दुसऱ्याच्या हद्दीत जातो. काठी असेल तर ती दोघांच्या मध्ये आडवी धरा. मारायचं नाही, टोचायचं नाही.

टसॅक गवताच्या उंच गड्ड्यांमध्ये गाइडशिवाय शिरू नका. त्यांच्या मधल्या चिखलाच्या गल्ल्यांत फर सील झोपतात आणि हातभर अंतरावर येईपर्यंत दिसत नाहीत. गवतातून जावंच लागलं तर ओळीने जा, पुढचा माणूस आवाज करत जाईल आणि मधलं अंतर वाढणार नाही असं पाहा.

फेब्रुवारी-मार्चमधली पिल्लंसुद्धा खोट्या हल्ल्याचा सराव करतात. गोंडस दिसली तरी दात खरे असतात.

चावा बसला तर: जखम लहान असली तरी लगेच धुवा, गाइडला सांगा आणि त्याच दिवशी जहाजाच्या डॉक्टरकडे जा. सीलच्या तोंडातल्या जंतूंनी बोट आणि सांधे सुजतात आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिनसारखी वेगळी औषधं लागतात. घरी परतल्यावर सूज आली तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला "सील चावला होता" हे आवर्जून सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात हे येण्याचं कारण नाही.

९. किंग पेंग्विनच्या वस्तीपाशी

सेंट अँड्र्यूज बे इथे सुमारे दीड लाख जोड्या असतात, सॉल्सबरी प्लेनवर सुमारे साठ हजार. आवाज आणि वास अंगावर येतो आणि माणूस नकळत पुढे सरकत जातो. म्हणून वस्तीच्या कडेपासून थांबायची जागा लांबूनच ठरवा.

किंग पेंग्विन घरटं बांधत नाही. एकच अंडं पायांवर ठेवून त्यावर पोटाच्या कातडीची घडी पांघरतो. आई-बाप साधारण ५४ दिवस आळीपाळीने ते असं उबवतात. वस्तीच्या कडेचा पेंग्विन तुमच्यामुळे बिचकून दोन पावलं सरकला तर अंडं घरंगळतं, आणि वर घिरट्या घालणारा स्कुआ त्याचीच वाट पाहत असतो. मान पुढे खाली घालून पायांकडे बघणारे, चोचीने शेजाऱ्याला टोचणारे पक्षी दिसले की समजा, तिथे अंडी आहेत.

ओहोळाच्या काठाला, वस्तीपासून थोडे दूर, विस्कटलेल्या पिसांचे पेंग्विन मख्खासारखे उभे असतात. ते आजारी नाहीत, पिसं पालटत आहेत. नवी पिसं येईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, त्यांना पाण्यात उतरता येत नाही. अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे असतात. त्यांना चार पावलं हलायला लावणं म्हणजे त्या साठ्यातलं काही वाया घालवणं. हालत नाहीत म्हणून फोटोसाठी लोक नेमके यांच्याच जवळ जातात. जाऊ नका.

पेंग्विन किंवा एलिफंट सीलचं पिल्लू स्वतःहून तुमच्याकडे आलं तर हात लावू नका आणि खाली वाकू नका. हळूच मागे सरका. बुटाला चोच लावेपर्यंत तसंच उभं राहून फोटो काढण्याचे दिवस बर्ड फ्लूनंतर संपले.

सेंट अँड्र्यूज बेमध्ये हिमनदीच्या पाण्याचा प्रवाह ओलांडावा लागतो. सकाळी घोट्याइतका असलेला प्रवाह दुपारी बर्फ वितळून मांडीपर्यंत येतो. गाइड जिथून आणि जेव्हा नेईल तिथूनच जा.

स्ट्रॉमनेस, लीथ, हुसविक आणि प्रिन्स ओलाव हार्बर इथल्या जुन्या व्हेल कारखान्यांच्या २०० मीटरच्या आत जायचं नाही. ॲस्बेस्टॉस आणि वाऱ्याने उडणारे पत्रे हे कारण. ग्रिटविकेन साफ केलेलं आहे, तिथे फिरता येतं.

१०. परत जहाजावर

बूट आणि पँट किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यात घासा. विष्ठा वाळली की तळव्याच्या खाचांतून निघायला दुप्पट वेळ लागतो. जहाजावर पुन्हा ब्रश, मग द्रावण, मग टॉर्चने पाहणी. एका खाडीतून दुसरीत जातानाही हे चुकवायचं नाही, कारण एका वस्तीतला रोग दुसरीत नेणारे पाय आपलेच असतात.

मेलेले पक्षी बरेच दिसले किंवा एखादा पक्षी मान वाकडी करून गोल फिरताना, थरथरताना दिसला, तर तिथेच थांबा, मागे फिरा आणि गाइडला जागा व वेळ सांगा. जवळ जाऊन फोटो काढू नका.

कॅमेरा केबिनच्या उबेत थेट उघडू नका. पिशवी बंद ठेवून तासभर जाऊ द्या, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं.

शेवटच्या उतरण्यानंतर जहाज पुढे अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे जाणार असेल तर तिसऱ्या टप्प्यातली सगळी सफाई पुन्हा करा, वेल्क्रोसकट. टसॅक गवताचं बी तिथेही नको आहे. घरी निघणार असाल तर भाड्याचे गमबूट धुऊन, वाळवून परत करा. स्वतःचं सामान ओलं असेल तर वेगळ्या पिशवीत बांधा आणि घरी पोचल्यावर अंगणात न झटकता आधी गरम पाण्यात धुवा.